पावसात मागून फिरणारी गाडी

छोट्या गाडीचे दोनच टायर बदलायचे असले, तर आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत ते न विचारताच पुढे बसवले जातात. पुढचे घासलेले काढायचे, मागचे जुने तसेच राहू द्यायचे आणि नवी जोडी पुढे. गिऱ्हाईकालाही हे पटतं. इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा मुख्य जोर पुढे, मग चांगला माल पुढेच हवा. उन्हाळ्यात या निर्णयाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते जुलैत, घाट उतरताना एखाद्या वळणावर, आणि तेव्हा दोष पावसाच्या माथी जातो.

हॅचबॅक ओल्या रस्त्यावर मागून फिरते याची कारणं विचारली तर प्रत्येकाकडे आपापलं उत्तर असतं. गाडी हलकी आहे, टायर बारीक आहेत, रस्ता खराब आहे, चालवणाऱ्याला अक्कल नाही. प्रत्येकात तथ्य आहे, पण सारखं नाही. माझं मत असं की या घसरण्याची बरीचशी तयारी पाऊस पडण्याच्या कितीतरी आधी, टायरच्या दुकानात आणि हवा भरण्याच्या नळीपाशी झालेली असते. चालकाचा पाय फक्त शेवटचा धक्का देतो.

आधी गाडीची घडण पाहू. आडवं बसवलेलं इंजिन, गिअरबॉक्स आणि खेचणारी चाकं हे सगळं पुढे ठेवायची रचना १९५९ च्या मिनीनं रूढ केली आणि आपल्याकडे ती १९८३ मध्ये मारुती ८०० बरोबर घरोघरी आली. अशा गाडीत फक्त चालक बसलेला असताना वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त वाटा पुढच्या चाकांवर असतो. मागे उरतं ते सीट, पत्रा, पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतरही कमी. जुन्या अल्टोत ते २३६० मिलिमीटर, स्विफ्टमध्ये २४५०. आखूड आणि हलकी गाडी गल्लीत पटकन वळते. पण तीच एकदा स्वतःभोवती फिरायला लागली की तितक्याच पटकन फिरते. सावरायला मिळणारा वेळ लांब सेडानपेक्षा कमी असतो.

हे ठाऊक असल्यानेच अभियंते अशा गाड्या मुद्दाम 'पुढून सुटणाऱ्या' बनवतात. वळणावर वेग जास्त झाला तर आधी पुढची चाकं पकड सोडतात आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाऊ लागते. घाबरलेला माणूस जे आपोआप करतो, म्हणजे पाय उचलतो, तेच इथे औषध ठरतं. वेग उतरतो, पुढच्या चाकांवर वजन येतं, गाडी पुन्हा वळते. टाटा नॅनोचं इंजिन मागे होतं, म्हणून तिच्यात हा स्वभाव वेगळ्या मार्गाने साधला. पुढे १३५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागे १५५ चे टायर. तिचे चारही टायर एकाच मापाचे करून घेणारे हौशी लोक नेमकं काय काढून टाकत होते, याची त्यांना कल्पना असेल असं वाटत नाही.

मग कारखान्यातून असा स्वभाव घेऊन निघालेली गाडी मागून फिरते कशी? वजनाच्या सरकण्यामुळे. हिशेबापुरती चालकासह ९०० किलोची गाडी घेऊ. मागच्या चाकांवर साधारण ३४० किलो. चालकाने मध्यम जोराचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीन-दशांश इतका ब्रेक मारला, तर जवळपास साठ किलो भार मागून पुढे जातो. मागे राहतात २८० च्या आसपास. टायरची बाजूची पकड त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असल्याने ऐन वळणात मागची चाकं दुबळी होतात आणि पुढची त्याच क्षणी सबळ. पुढचं टोक आत खेचलं जातं, मागचं बाहेर जाऊ पाहतं. कोरड्या रस्त्यावर शिल्लक पकड भरपूर असते, म्हणून काहीच जाणवत नाही. ओल्यावर ती शिल्लकच उरलेली नसते.

नुसता ॲक्सिलरेटर सोडला तरी हेच घडतं, कमी प्रमाणात. आणि इथे एका पिढीची शिकवण दुसऱ्या पिढीला नडते. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. पावसात जास्त रेस दिली की त्यांची मागची चाकं फिरत आणि शेपूट बाहेर येई. उपाय सोपा होता, पाय काढायचा. ज्यांनी त्या गाड्यांवर हात बसवला त्यांनी आपल्या मुलांनाही हेच सांगितलं. पण पुढच्या चाकांनी खेचल्या जाणाऱ्या गाडीचं मागचं टोक सुटू लागलं असेल, तर एकदम पाय काढल्याने मागचं वजन आणखी घटतं आणि फिरकी वाढते. युरोपात १९८४ साली आलेली प्युजो २०५ जीटीआय याच गुणासाठी, किंवा अवगुणासाठी, गाजली. वळणात मध्येच पाय उचलला की मागचं टोक सरकायचं. कसलेल्यांना ते आवडायचं, बाकीचे कधी कधी कुंपणात जायचे. आपल्या अल्टो-वॅगनआर तितक्या नाजूक स्वभावाच्या नाहीत. पण मागे गुळगुळीत टायर लावले की कुठलीही साधी गाडी त्या दिशेने ढळते.

म्हणून पुन्हा टायरांकडे यायला हवं, कारण खरी गोम तिथेच आहे.

पुढच्या चाकांनी खेचणाऱ्या गाडीचे पुढचे टायर लवकर घासतात, हे उघड आहे. त्याची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. मागचे टायर घासतच नाहीत, पण म्हातारे होतात. नक्षी दिसायला ठणठणीत, रबर मात्र ऊन खाऊन कडक झालेलं. कडक रबर ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत शिरत नाही, वरून सरकतं. टायरच्या बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेली, 'एका डॉक्टरांनी वापरलेली' सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने मीटरच्या आकड्याआधी हा आकडा वाचावा. सात-आठ वर्षांचे मूळ टायर मागे तसेच असलेली गाडी बाजारात सहज सापडते.

नक्षीचं काम पाणी बाहेर काढण्याचं. १६५ मिलिमीटर रुंदीचा टायर ३ मिलिमीटर पाण्यातून ताशी ८० किलोमीटरने जातो तेव्हा त्याच्या वाटेत दर सेकंदाला ११ लिटर पाणी येतं, आणि ते त्याला बाजूला सारावं लागतं. नव्या टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल खाचा असतात. कायद्याची किमान मर्यादा १.६. ही कायदेशीर सीमा आहे, पावसातल्या सुरक्षिततेची नव्हे. माझ्या मते कोकणात किंवा घाटाखाली पावसाळा काढायचा असेल तर ३ मिलिमीटरच्या खालचा टायर मे महिन्यातच उतरवावा, आणि यावर दुकानदाराशी वाद घालायला हरकत नाही.

पाणी बाहेर पडलं नाही की टायर त्यावर तरंगतो. हे कधी होतं याचा एक ढोबळ नियम अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून १९६० च्या दशकात मांडला. तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. मोटारीला तो जसाच्या तसा लागू होत नाही, नक्षी आणि पाण्याची खोली यांनी आकडा वर-खाली होतो. तरीही दिशा कळते. ३३ पीएसआय दाबाला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो आणि २४ पीएसआयला ८२. मागच्या चाकातली हवा हळूहळू उतरली तर ते कळणं कठीण, कारण स्टेअरिंगवर काहीच येत नाही. मागे नऊ पीएसआय कमी असलेली गाडी द्रुतगती मार्गावर साचलेल्या पाण्यात शिरते तेव्हा पुढची चाकं अजून जमिनीवर असतात आणि मागची पाण्यावर.

पुढे नवे टायर लावण्यातला धोका हाच. चालकाला रस्त्याची खबर पुढच्या चाकांतून, स्टेअरिंगमार्गे मिळते. पुढचे नवे टायर पाणी कापत जातात, हाताला सगळं घट्ट लागतं, म्हणून तो वेग कमी करत नाही. मागे काय चाललंय ते कळतं तेव्हा गाडी आडवी झालेली असते. उलट पुढचे टायर जुने असले तर स्टेअरिंग हलकं पडून आधी इशारा मिळतो. मिशेलिनसारख्या कंपन्या म्हणूनच वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की जोडी बदलताना जास्त खोल नक्षीचे टायर मागे लावा, गाडी कुठल्याही चाकांनी चालत असो. याला एक रास्त आक्षेप आहे. घासलेले टायर पुढे राहिले तर ब्रेक लागायचं अंतर वाढतं. ते खरं आहे. पण सरळ रेषेत जास्त अंतर घेणारी गाडी आणि समोरच्या एसटीसमोर आडवी झालेली गाडी यांत पहिली परवडते. तिचा पुढचा भाग चुरगळण्यासाठीच बनवलेला असतो, दार नव्हे. या वादातून सुटायचा खरा मार्ग मात्र वेगळा आहे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराला टायरांची अदलाबदल केली तर चारही सारखे झिजतात आणि एकदमच बदलायला येतात. एकरकमी खर्च जड जातो, म्हणून लोक टाळतात.

रुंद टायर आणि मोठ्या अलॉय चाकांबद्दल दोन शब्द. कोरड्यात ती बरी, पण हलक्या गाडीखाली रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. मूळ बारीक टायर कंजूषपणाचा वाटला तरी पावसात तो आपल्या बाजूने असतो.

हवेचा प्रश्न गणपतीत ऐरणीवर येतो. भाद्रपदात मुंबई-ठाण्याहून कोकणात निघालेल्या छोट्या गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा, वर कॅरिअरला बांधलेलं सामान आणि बाहेर पाऊस. गाडीचं वजन आता मागे झुकलेलं. वजन वाढलं म्हणून पकडही वाढेल असं वाटतं, आणि थोडी वाढतेही. पण वळणात मागे आवरायचं वजन त्याहून जास्त वाढलेलं असतं. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर अनेक गाड्यांत भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा वेगळा, मोठा आकडा असतो. पेट्रोल पंपावर मात्र सरसकट 'चारही तीस' भरले जातात. टपावरच्या सामानाने गुरुत्वमध्य उंचावतो आणि ब्रेक मारताना पुढे सरकणारा भार आणखी वाढतो. कशेडी, भोस्ते, परशुराम या घाटांतून अशा गाड्या रात्रभर चालतात, आणि झोपेचा मुद्दा तर मी इथे घेतच नाही.

रस्त्याचा वाटा किती? लोक समजतात त्यापेक्षा कमी, पण सरकारी खाती मान्य करतात त्यापेक्षा जास्त. पहिल्या सरीत महिनोन् महिने साचलेलं तेल, रबर आणि धूळ पाण्यात मिसळून बुळबुळीत थर होतो. पुढच्या जोरदार पावसाने तो धुऊन जातो. घाटात डांबर वर येऊन चकचकीत झालेले पट्टे, पुलांच्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या, झेब्रा पट्ट्यांचा जाड रंग, ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत साचलेलं पाणी, सावलीतल्या वळणांवरचं शेवाळ. कोकणात लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल रस्त्यावर येतो, तो थेट पुढच्या वळणापर्यंत. यांतल्या कशावरही नवा टायरसुद्धा फारसं काही करू शकत नाही.

पण वळणाचा हिशेब मांडला की जबाबदारी पुन्हा वेगाकडे येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत वळणावर बाजूच्या घर्षणाचा गुणांक ०.१५ धरतात आणि डोंगराळ भागात, जिथे बर्फ पडत नाही तिथे, रस्त्याला जास्तीत जास्त १० टक्के बाजूचा उतार देता येतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणाला यातून ताशी ४० किलोमीटर हा वेग निघतो. तेच वळण ६० ने घेतलं तर उताराची मदत वजा जाऊनही टायरकडून ०.४७ इतकं घर्षण मागितलं जातं. ओल्या डांबरावर चांगला टायर ते कसंबसं देईल. मागचा कडक झालेला, हवा कमी असलेला टायर देणार नाही. वेग दीडपट केला, टायरवरची मागणी तिपटीहून जास्त झाली, आणि चालकाला वाटतं की आपण फक्त थोडं जोरात आलो. उतार उलटा पडलेली वळणं आपल्याकडे कमी नाहीत. तिथे हे गणित आणखी बिघडतं.

ब्रेकांचं थोडक्यात. छोट्या हॅचबॅकना मागे बहुधा ड्रमच असतात. पाण्यातून गेल्यावर त्यातला एक ओला आणि एक कोरडा राहिला तर गाडी एका बाजूला ओढते. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालत दोन-तीनदा पेडल दाबून ते सुकवावेत. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या लाखो गाड्या अजून चालताहेत. त्यांत जोराच्या ब्रेकला मागची चाकं लॉक झाली की बाजूची पकड शून्यावर येते. घाटात पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे सगळं काम ब्रेकवरच टाकतात आणि हा धोका स्वतःहून ओढवून घेतात.

आता चालक. मागचं टोक सुटलंच तर काय करायचं याचं पुस्तकी उत्तर सगळ्यांना पाठ असतं. जिकडे जायचं तिकडे बघा, गाडी फिरतेय त्याच्या उलट स्टेअरिंग वळवा, ब्रेक मारू नका, पुढच्या चाकांच्या गाडीत हलकी रेस ठेवा, आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टेअरिंगही सरळ आणा. शेवटचं सगळ्यात अवघड. पहिली फिरकी बरेच जण सावरतात, पण उलट वळवलेलं स्टेअरिंग वेळेत परत आणत नाहीत आणि गाडी दुसऱ्या बाजूला जास्त जोरात फिरते. दरीत किंवा समोरच्या गाडीवर जाते ती बहुधा या दुसऱ्या झोक्यात. एबीएस असेल आणि गाडी पूर्ण फिरलीच असेल, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरणं हाच शहाणपणा.

हे शिकवून येईल का? आपल्या परवाना चाचणीत निसरड्या रस्त्याचा अनुभव नाही आणि तो असावा असं अनेकांना वाटतं. नॉर्डिक देशांत तो असतो. पण नॉर्वेत १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. घसरण सावरायचं शिक्षण घेतलेल्या तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात घटण्याऐवजी वाढले. आपल्याला जमतं, या भरवशावर ते वेगात जाऊ लागले. त्यानंतर भर बदलला आणि चालकाला 'तुला हे जमणार नाही' हे अनुभवाने पटवण्यावर आला. दोन पदरी घाटात आपल्याला सेकंदभरही मिळत नाही हे लक्षात घेतलं, तर मला ही दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

माणसाला जे जमत नाही ते यंत्राने करावं, ही वाट १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज यांनी ईएसपी ही घसरण सावरणारी यंत्रणा आणून उघडली. बॉशचे अँटोन फान झांटेन यांना याच कामासाठी २०१६ साली युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कारात जीवनगौरव मिळाला. स्टेअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय यांची तुलना करायची, आणि मागचं टोक सुटताना दिसलं की वळणाबाहेरच्या पुढच्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावायचा. चार पेडलं नसल्याने माणसाला हे करताच येत नाही. महागड्या गाड्यांतून हे तंत्र लहान गाड्यांत उतरलं ते एका फजितीमुळे. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवण्याच्या कसोटीत, नवी कोरी मर्सिडीज ए-क्लास उलटली आणि कंपनीला त्या मॉडेलमध्ये ईएसपी सरसकट द्यावं लागलं. एकट्याच गाडीचे अपघात या तंत्राने मोटारींत ३४ टक्के घटतील, असा अमेरिकी सरकारी संस्थेचा अंदाज होता. तिथे आणि युरोपात ते सक्तीचं होऊन दहा वर्षं उलटून गेली.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप सुरू झालं आणि तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएससी, म्हणजे ईएसपीच, असणं त्यात अट झाली. २०२४ मध्ये अल्टो के१० आणि एस-प्रेसोलाही ते सगळ्या प्रकारांत मिळालं. संगीत, सनरूफ यांच्या आधी हे यायला हवं होतं हे म्हणणं आता शिळं झालं. टायरांच्या बाबतीतही ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा समावेश असलेलं एआयएस-१४२ हे मानक २०२२ च्या अधिसूचनेने लागू करायला घेतलं गेलं. दोन्ही पावलं योग्य आहेत. मात्र ईएसपी नवी पकड निर्माण करत नाही, असलेली वाटून देतं. गुळगुळीत मागच्या टायरला वाटून द्यायला काही नसेल तर पडद्यावर दिवा लुकलुकेल आणि गाडी जायची तिकडेच जाईल.

विजेवरच्या छोट्या गाड्यांनी या प्रश्नाला नवा फाटा फोडला आहे. पाय उचलला की मोटर उलट काम करून बॅटरी भरते आणि गाडी हळू होते. हा ब्रेक ज्या चाकांना मोटर जोडलेली, त्यांनाच लागतो. टियागोच्या विजेवरच्या रूपात ती पुढची चाकं. एमजी कॉमेटमध्ये मात्र मोटर मागे आहे, म्हणजे ओल्या वळणावर पाय उचलताच वजन मागून निघून जातं आणि त्याच वेळी मागच्या चाकांना ब्रेकही लागतो. वेग शहरी असल्याने रोजच्या वापरात हे जाणवणार नाही. पण अशी गाडी घेऊन घाटात जाणाऱ्याने पावसात ही ऊर्जा परत घेण्याची पातळी सगळ्यात कमी ठेवावी, आणि पहिले टायर बदलायची वेळ येईल तेव्हा दुकानदाराने विचारण्याआधीच नवी जोडी मागे लावायला सांगावं.